पंधरा फुटांची गल्ली

कादर गाडीवानाला नाशकात सगळे ओळखत, पण त्याच्याकडे बघत कोणी नसे. म्युनिसिपालिटीची कचऱ्याची गाडी सकाळी गल्लीच्या तोंडाशी आली की बायका ओट्यावरून उठून आत जात. कोर्टाला निघालेले वकील उपरण्याचं टोक नाकाला लावून भिंतीच्या कडेने सटकत. कादरला त्याचं काही वाटत नसे. वास येतो म्हटल्यावर माणूस नाक धरणारच. त्याचं सगळं लक्ष चाकांकडे असायचं. जुन्या नाशकातल्या गल्ल्या म्हणजे कुठे ओट्याची पायरी पुढे आलेली, कुठे पन्हळ खाली लोंबलेली, कुठे घराच्या कोपऱ्याला चाक लागू नये म्हणून पुरलेला दगड. त्यातून जोडी हाकायची, वळवायची आणि चाकाची लोखंडी धाव कशाला घासू द्यायची नाही, हे त्याचं काम. वीस वर्षांत त्याच्या गाडीने एकाही ओट्याचा टवका उडवला नव्हता. ही गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक होती आणि गाडीखान्यातल्या लोकांना. बाकी कोणाला ती ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

काजीपुऱ्यात त्याचं दोन खणांचं घर होतं. बाप गावातून स्टेशनाला जाणाऱ्या घोड्यांच्या ट्रामच्या तबेल्यात जनावरांची निगा राखायचा. जनावराशी बोलायचं कसं, त्याला घाई कधी करायची नाही, हे कादर बापाच्या मागे मागे फिरून शिकला. पुढे म्युनिसिपालिटीत लागल्यावर घोड्यांच्या जागी बैल आले, एवढाच फरक. त्याच्याकडे जोडी होती ती पाखऱ्या आणि बाशिंग्याची. बाशिंग्या साधाच, चालायला बरा. पाखऱ्या मात्र सगळ्या गाडीखान्यात एकच होता, कारण तो मागे सरकायचा. बैल पुढे कितीही ओढेल, पण त्याला मागे यायला सांगा, तो मान ताठ करून उभा राहतो. फार रेटलं तर जू शिंगांवर चढतं आणि जनावर बिथरतं. कादरने पाखऱ्याला वर्षभर रोज थोडं थोडं करून, मुठीत सरकी धरून, मागे पाऊल टाकायला शिकवलं होतं. “सर मागं” म्हटलं की पाखऱ्या एक पाऊल मागे टाकायचा, आणि तो मागे आला की बाशिंग्यालाही यावंच लागायचं. बायको मेहरुन्निसा म्हणायची की या माणसाने जेवढा वेळ त्या बैलाला दिला तेवढ्या वेळात दुसऱ्याने कुराण पाठ केलं असतं.

जिथे गाडी जायचीच नाही, अशाही गल्ल्या होत्या. तिथे अक्काबाई जायची. अक्काबाई सफाईच्या कामावर होती, कादरच्याच वयाची. गल्लीच्या आतल्या टोकापासून कचरा पाटीत भरायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि कोपऱ्यावर उभ्या गाडीत आणून टाकायची. पावसाळ्यात पाटीतलं पाणी मानेवरून खाली उतरायचं. गाडीच्या मागे मागे ती रोज चालायची. तीही बोलायची कमी आणि कादरही.

सन छत्तीसच्या हिवाळ्यात रंगनाथशेटांचा अर्ज म्युनिसिपालिटीत आला. शेट मूळचे वणीकडचे, शेतकऱ्याचं पोर. नाशकात येऊन त्यांनी धान्याची आडत काढली, ती चालली, आणि गंगापूरच्या रस्त्याला पेरूची एक जुनी बाग त्यांनी घेतली. झाडं म्हातारी झाली होती. गावात घरं मिळत नव्हती. शाळामास्तर, कोर्टातले कारकून, पोस्टातले बाबू दोन-दोन खोल्यांत कोंबून राहत होते. शेटांनी ठरवलं की बाग तोडून घरांसाठी प्लॉट पाडायचे. त्यांनी नकाशा काढून घेतला. मधून एक मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार अशा आठ गल्ल्या, आणि चौसष्ट प्लॉट. प्रत्येक गल्ली पंधरा फुटांची, आणि पलीकडच्या टोकाला बंद.

नकाशा तपासायला ओव्हरसियर खांडबहाल्यांकडे गेला. खांडबहाले हा हडकुळा, अबोल माणूस. त्यांनी तीन दिवस जागेवर जाऊन टेप धरली आणि शेरा लिहिला, की गल्ल्या वीस फुटांच्या हव्यात आणि त्यांची आतली टोकं एका आडव्या रस्त्याने जोडली पाहिजेत. नाहीतर कचऱ्याची गाडी किंवा आगीचा बंब आत जाईल, पण बाहेर येणार नाही.

या शेऱ्यावरून कमिटीच्या दोन बैठका झाल्या. रंगनाथशेट दोन्ही वेळा आले आणि शांतपणे बोलले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ते म्हणाले, की रस्ता वाढवला की आठ घरं कमी होतील, आणि उरलेल्यांना प्लॉट महाग पडेल. ज्या मास्तरांसाठी आणि कारकुनांसाठी हे चाललंय तेच मग मागे राहतील. जुन्या नाशकात सात-आठ फुटांच्या गल्ल्या आहेत, तिथे गाडी जातेच ना? पंधरा फूट म्हणजे त्याच्या दुप्पट. काही सभासदांना ते पटलं, काहींना खांडबहाल्यांचं. शेवटी एका वयस्क सभासदाने सुचवलं, की कागदावर वाद घालून काय होणार. बागेतली झाडं तोडून एक गल्ली मोकळी झालेलीच आहे. तिथे चुन्याच्या फक्कीने रेघा मारा, गाडी आणा आणि फिरते का ते डोळ्यांनी बघा.

अध्यक्षांनी होकार दिला. आरोग्य खात्याला चिठ्ठी गेली, की मंगळवारी सकाळी नऊ वाजता एक गाडी आणि चांगला गाडीवान पाठवावा. चिठ्ठीत ‘चांगला’ लिहिलं होतं, म्हणून इन्स्पेक्टरांनी कादरला सांगितलं. बसायचे बाक आणि फक्कीची पोती नेण्यासाठी दुसरी गाडी लागणार होती, ती मंगळू गाडीवानाची. अक्काबाई आणि आणखी एक बाई फक्की ओढायला.

सोमवारी दुपारी कादरने गाडी नळाखाली आणून घासून धुतली. बैलांची शिंगं तेलाने पुसली. घरी गेल्यावर त्याने धुवट सदरा आणि ईदचा फेटा काढून ठेवायला सांगितला, तेव्हा मेहरुन्निसाने विचारलं, की कचरा न्यायला हा थाट कशाला? तो म्हणाला की उद्या कचरा न्यायचा नाही, नुसती गाडी दाखवायची आहे. तिने फेटा काढला, झटकला आणि त्याची घडी त्याच्या हातात देताना नीट बांध म्हणाली.

मंगळवारी बागेत ऊन छान पडलं होतं. तोडलेल्या पेरूंचे खुंट आजूबाजूला तसेच उभे होते. जमिनीवर पांढऱ्या दोन रेघा, मधे बरोबर पंधरा फूट, आणि पुढे आडवी रेघ मारून गल्ली बंद केलेली. दोन्ही बाजूंना प्लॉटांचे नंबर लिहिलेल्या खुंट्या ठोकलेल्या. कमिटीचे सात-आठ जण बाकांवर बसले होते. रंगनाथशेट कोट-पागोट्यात उभे होते. खांडबहाले टेप गुंडाळत एका बाजूला.

अध्यक्षांनी हात केला आणि कादरने गाडी आत घातली. तो सावकाश गेला, अगदी रोजच्यासारखा. बंद टोकाशी पोचल्यावर त्याने उजवा कासरा किंचित ओढला. बैलांची तोंडं रेघेच्या अलीकडे वीतभर अंतरावर आली. बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. कादर हळूच म्हणाला, “सर मागं.” पाखऱ्याने पाऊल मागे घेतलं. एक, मग दुसरं. डावं चाक जागच्या जागी फिरलं, उजवं मागे आलं, गाडीची शेपटी रेघेला टेकता टेकता थांबली. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तीन वेळा असं करून गाडीचं तोंड परत वाटेकडे झालं. फक्कीची रेघ कुठेही पुसली गेली नव्हती.

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. कचऱ्याच्या गाडीवर बसलेल्या माणसासाठी टाळ्या वाजतात हे कादरला ठाऊक नव्हतं, त्यामुळे क्षणभर त्याला कळलंच नाही की त्या कोणासाठी आहेत. तो खाली उतरला. एक वकील सभासद जवळ आले. हेच वकील रोज तिवंधा चौकात त्याची गाडी पाहून तोंड फिरवत. त्यांनी बैलाचं नाव विचारलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि गाडी हाकायला किती वर्षं झाली तेही विचारलं. कादरने सगळं सांगितलं. आपल्याला एवढं बोलता येतं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. रंगनाथशेट येऊन म्हणाले, की असा हात त्यांनी वणीकडे सुद्धा पाहिला नाही. कादरचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर जे काम त्याने कोणी न बघता केलं ते आज सगळ्यांनी उभं राहून पाहिलं होतं.

तिकडे अध्यक्ष कारकुनाला मजकूर सांगू लागले: “पंधरा फूट रुंदीच्या गल्लीत कचऱ्याची गाडी विनासायास फिरते, असे कमिटीने समक्ष पाहिले…”

खांडबहाल्यांची टेप गुंडाळून झाली होती, तरी ते ती हातात फिरवत राहिले.

अक्काबाई गाडीपाशी आली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

“कादरभाई, लय भारी फिरवली,” ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, “मंगळूला फिरवता येईल का?”

कादरने मंगळूच्या जोडीकडे पाहिलं.

“नाय येणार,” तीच म्हणाली. “म्हंजे हितल्या आठ गल्ल्याबी पाटीच्याच.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उद्या ऊन पडेल म्हणावं तसं ती म्हणाली आणि रिकामी पोती झटकायला गेली.

कादरने सदऱ्याच्या खिशातून मूठभर सरकी काढून पाखऱ्याच्या तोंडाशी धरली. बैल खाऊ लागला. पाखऱ्याला बारावं वर्ष होतं. आणखी दोन वर्षं, फार तर तीन. कादरला खरं तर तिथेच उभं राहावंसं वाटत होतं. वकील अजून त्याच्याकडे बघून दुसऱ्या कोणाला काही सांगत होते, आणि ते ऐकायला बरं वाटत होतं. आपण गाडीवान, गाडी फिरव म्हणाले, फिरवली. पुढचं त्यांचं ते बघतील. असं त्याने एकदा मनाशी म्हणूनही पाहिलं. सरकी संपली. त्याने हात धोतराला पुसला आणि तो बाकांकडे गेला.

“साहेब, ते लिहू नका,” तो अध्यक्षांना म्हणाला.

कारकुनाने टाक थांबवला. अध्यक्षांनी विचारलं, की काय झालं?

“गाडी फिरली, पण ती या बैलापायी फिरली. बैल मागं येत नाय, साहेब. हा एकटाच येतो. हा गेला की माझ्याच्यानंबी हितं गाडी फिरायची नाय.”

वकील हसून म्हणाले, की मग दुसऱ्या बैलाला शिकवावं. कादर म्हणाला की तो शिकवील. पण याला वर्ष लागलं, आणि म्युनिसिपालिटीकडे बावीस जोड्या आहेत. शिवाय आज इथे नुसती फक्की आहे. उद्या लोक राहायला आले की कोणी ओटा पुढे काढील, कोणी दारात शेळी बांधील. पंधराचे बाराच उरतील.

अध्यक्षांनी खांडबहाल्यांकडे पाहिलं. खांडबहाल्यांनी एवढंच सुचवलं, की दुसरी जोडी इथेच उभी आहे, तिला लावून बघावं. मंगळू मागे सरकला. एवढ्या लोकांसमोर फजिती व्हावी असं कोणाला वाटेल? कादरने ते पाहिलं आणि मंगळूच्या हातातला कासरा आपणच घेतला.

त्याने मंगळूची गाडी आत नेली. बंद टोकाशी बैलांना मागे घ्यायला गेला, तर दोघेही माना ताठ करून उभे राहिले. त्याने थोपटलं, बोलला, जरा पुढे घेऊन पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी डावं चाक रेघ ओलांडून गेलं. तिसऱ्या वेळी बैल खुंटांमध्ये शिरले आणि जू वाकडं झालं. कादरने गाडी थांबवली.

“मुद्दाम करतोय हा,” रंगनाथशेट म्हणाले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “आत्ता फिरवली त्याच हातांनी ना?”

 लोकांनी नाक धरलेलं कादरला कधी लागलं नव्हतं, हे लागलं. पण तो भांडणाऱ्यातला नव्हता. तो गाडीवरून उतरला, शेटांपुढे गेला आणि दोन्ही हातांनी कासरा त्यांच्यापुढे धरला.

“शेट, तुमी गाडी हाकलेली हाय. तुमीच बघा.”

कोणालाही वाटलं नव्हतं की शेट तो घेतील. शेटांनी तो घेतला. मग त्यांनी कोट काढून कारकुनाकडे दिला, बाह्या वर केल्या आणि कचऱ्याच्या गाडीच्या दांडीवर पाय देऊन वर चढले.

बसल्याबरोबर दिसलं की हा माणूस गाडीवर वाढलेला आहे. त्यांनी रेघा ओलांडून गाडी बाहेर काढली आणि पुन्हा सरळ आत आणली. टोकाशी आल्यावर मात्र बैल अडले. शेटांचं नाशकातलं बोलणं गळून पडलं आणि ते बैलांशी वणीच्या बोलीत बोलू लागले. आधी गोंजारून, मग दरडावून. एकदा झालं, दोनदा झालं. दुसऱ्या वेळी बैल चौदा नंबरच्या प्लॉटात शिरले आणि नंबराची खुंटी मोडली. बाकांवर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

शेट उतरले. हातांना लागलेला मळ त्यांनी पेरूच्या खुंटाला पुसला. मग ते त्या बंद टोकाकडे वळले.

“बापाची गाडी मी चिखलातनं काढलेली आहे,” ते म्हणाले. “पण तिथं दोन्ही अंगांना रान मोकळं होतं.” मग कादरकडे वळून म्हणाले, “मघाशी बोललो ते मनात ठेवू नकोस.”

कादर म्हणाला की नाही ठेवणार. आणि घरी येईपर्यंत त्याने खरंच ते मनात ठेवलं नाही. घरी आल्यावर मात्र मेहरुन्निसाला त्याने तेच सगळ्यात आधी सांगितलं, आणि ती म्हणाली की अशा माणसाने उलट माफी मागितली, तर तेवढं पुरे.

त्या दिवशी काही ठरलं नाही. कारकुनाने लिहिलेलं अर्धं वाक्य खोडलं गेलं. तीन आठवड्यांनी रंगनाथशेटांनी नवा नकाशा दिला. गल्ल्यांची आतली टोकं दोन्ही अंगांना आडव्या रस्त्यांनी जोडलेली होती, आणि रुंदी अठरा फूट. सहा प्लॉट गेले होते. खांडबहाल्यांनी उरलेल्या दोन फुटांसाठी पुन्हा शेरा लिहिला, कमिटीने तो वाचला आणि अठरावर मंजुरी दिली. खांडबहाले पुढे कित्येक दिवस त्या दोन फुटांवरून नाराज होते.

गावात ही हकिकत थोडे दिवस चालली. तिवंध्यापाशी एक मास्तर राहत, कादरच्या रोजच्या वाटेवर. त्यांनी एकदा गाडी थांबवून सांगितलं, की त्यांनी तिथे प्लॉट बोलून ठेवला होता. आता भाव वाढला, म्हणून सोडला. ते रागावून बोलले नाहीत. झालं ते चांगलंच झालं, असंही म्हणाले. पण कादरला ते ऐकून कसंतरी झालं. शेट कमिटीत काय म्हणाले होते ते त्याने गाडीखान्यात ऐकलं होतं. ते अशाच मास्तरांबद्दल होतं, हे त्याला तेव्हा कळलं. पुढचे काही दिवस तो त्या घरापाशी आला की बैल जरा जोरात हाकायचा.

पाखऱ्या अडतीस सालच्या उन्हाळ्यात थकला. पाय धरले, जू मानेवर घेववेना. त्याला पांजरपोळात पोचवायला कादर स्वतः गेला, आणि त्यानंतर दर शुक्रवारी नमाजानंतर तिकडे चक्कर टाकायचा, बैल होता तोवर. त्याच्या जागी खात्याने एक तरणा बैल दिला, तांबडा, डोक्याने जड. कादरने त्यालाही मागे सरकायला शिकवायला घेतलं, पण तो काही धड शिकला नाही.

तोवर पेरूच्या बागेत चाळीसेक घरं उठली होती. काहींनी ओटे पुढे काढले होतेच. तरी कादरची गाडी पहिल्या गल्लीतून आत शिरायची, आडव्या रस्त्याने दुसरीत, दुसरीतून मोठा रस्ता ओलांडून समोरच्या गल्लीत, अशा आठही गल्ल्या करून बाहेर यायची, कुठे वळवायची गरज न पडता. पाटी डोक्यावर घ्यायचं काम तिथे नव्हतं. अक्काबाई दारातला कचरा तिथल्या तिथे गाडीत टाकायची. जुन्या गावात मात्र तिच्या डोक्यावर पाटी होतीच.

खरं सांगायचं तर कादरला तिथे गाडी हाकायला मजा यायची नाही. सरळ जायचं, सरळ यायचं. कोणीही हाकावी अशी ती वाट. मंगळू सुद्धा तिथे पान खात खात हाकायचा. पहिल्या दोन-चार दिवसांनंतर कादर तिथे गाडीवर बसेनासा झाला. कासरा गाडीच्या दांडीला गुंडाळायचा, बैल आपले आपण चालायचे, आणि तो खाली उतरून अक्काबाईच्या बरोबरीने पायी चालायचा. तिची सून बाळंत झाली होती, तिच्याबद्दल ती सांगायची. तो ऐकायचा.